‘खास तुमच्यासाठी’: ग्राहकाच्या माहितीवर ऑनलाइन दुकानाचा हक्क किती?

सणासुदीच्या सेलमध्ये एकाच घरातील दोघांनी आपापल्या मोबाइलवर एकच शॉपिंग ॲप उघडले, तरी दोघांना दिसणारे पहिले पान वेगळे असते. एकीला पैठणी आणि कुर्ते, दुसऱ्याला ड्रिल मशिन आणि इअरफोन. ग्राहकाने आधी काय पाहिले, काय घेतले, काय परत केले यावरून हे पान क्षणार्धात तयार होते. त्यात सोय आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न वेगळा आहे. पार्सल घरपोच मिळावे म्हणून दिलेली माहिती दुकानाने आणखी कशाकशासाठी वापरावी? डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील बहुतेक बंधने मे २०२७ पासून लागू होतील. तोपर्यंतचा काळ कंपन्या घर आवरण्यासाठी वापरतात की पळवाटा शोधण्यासाठी, यावर बरेच काही ठरणार आहे.

दुकानदाराने ग्राहकाला ओळखणे नवे आहे का?

अजिबात नाही. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला कोणत्या घरी कोणता तांदूळ जातो, कोणाला कोणत्या कंपनीची चहापत्ती लागते, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी कोणासाठी साबुदाणा आणि वरीचे तांदूळ बाजूला काढून ठेवायचे, हे तोंडपाठ असते. उधारीची वही हा त्याचा डेटाबेसच. ग्राहकालाही ही ओळख हवीशी वाटते, कारण तिच्यामुळे काम लवकर होते आणि महिनाअखेरीस उधारीही मिळते.

मात्र या ओळखीला लगाम होता. दुकानदाराला आपल्याबद्दल काय ठाऊक आहे, हे ग्राहकालाही ठाऊक असे. शिवाय एका घरची उधारी दुसऱ्या घरी सांगणाऱ्याला त्याच गल्लीत तोंड दाखवायचे असे. गल्लीत कुजबुज होत नसे असे नाही. पण ती कोणी केली हे सहसा कळे.

ऑनलाइन दुकानातील ओळख एकतर्फी आहे. कोणत्या फोटोवर बोट किती वेळ थांबले, कार्टमध्ये टाकून काय काढून टाकले, रात्री किती वाजता ॲप उघडले, पार्सल कोणत्या पिन कोडवर गेले, पैसे यूपीआयने दिले की कॅश ऑन डिलिव्हरी घेतली, किती वस्तू परत केल्या, या साऱ्याची नोंद होऊ शकते. ग्राहकाला त्यातले फार तर स्वतःच्या ऑर्डरची यादी आणि अलीकडे पाहिलेल्या वस्तू दिसतात. वही दुकानाकडे आणि ती पाहण्याचा अधिकारही दुकानाकडेच, अशी ही स्थिती आहे.

चांगली शिफारस करण्यासाठी किती माहिती लागते?

ज्या युक्तिवादावर हा सारा व्यवहार उभा आहे, तो असा: अधिक माहिती द्या, अधिक चांगली सेवा मिळेल. तो अर्धाच खरा आहे.

‘ही वस्तू घेणाऱ्यांनी तीही घेतली’ ही पट्टी आज प्रत्येक ॲपवर दिसते. ॲमेझॉनमधील ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात तिच्यामागची पद्धत मांडली आहे. त्याआधीच्या पद्धतीत एका ग्राहकासारखे दुसरे ग्राहक शोधले जात. ग्राहक लाखांच्या घरात गेले की हे गणित आवाक्याबाहेर जाई. या तिघांनी ते उलटे केले. सारखी माणसे शोधण्याऐवजी सारख्या वस्तू शोधायच्या, म्हणजे कोणत्या दोन वस्तू वारंवार एकत्र विकल्या जातात याचा तक्ता आधीच तयार ठेवायचा. मग ग्राहकाने आधी काय घेतले आणि आता त्याच्या हातात काय आहे, एवढे पाहिले तरी पुरते.

प्रेशर कुकर घेणाऱ्याला रबरी रिंग आणि शिट्टी दाखवायला त्याचे वय, धर्म, पगार किंवा मोबाइलमधील संपर्क यादी लागत नाही. कादंबरीचा पहिला भाग घेणाऱ्याला दुसरा सुचवायला तो कुठे राहतो हे कळायची गरज नाही. ग्राहकाच्या खऱ्या उपयोगाच्या शिफारशी बहुधा अशाच असतात आणि त्यांना माहिती तुलनेने फार कमी पुरते. दुसरीकडे, माहितीचे डोंगर असूनही फ्रीज घेऊन झालेल्या माणसाला पुढचे तीन आठवडे फ्रीजच्याच जाहिराती दिसत राहतात, हा अनुभव कोणाला नाही?

मग उरलेली माहिती लागते कशाला? मुख्यतः जाहिरातीसाठी. मोठी ऑनलाइन दुकाने आता केवळ माल विकत नाहीत. आपला माल वर दिसावा म्हणून विक्रेते त्यांना पैसे मोजतात, आणि नेमका कोणता ग्राहक घेण्याच्या बेतात आहे हे जितके अचूक सांगता येईल तितकी त्या जागेची किंमत वाढते. शिफारस ग्राहकासाठी असते, जाहिरात विक्रेत्यासाठी. मोबाइलच्या पडद्यावर मात्र दोन्ही एकाच रांगेत, एकाच आकारात दिसतात आणि ‘प्रायोजित’ हा शब्द राखाडी, बारीक अक्षरांत असतो.

नोंद आणि अंदाज यांत फरक काय?

ग्राहकाने स्वतःहून दिलेली माहिती ही एक गोष्ट. पत्ता, फोन नंबर, बुटाचे माप ही त्याची उदाहरणे. त्याच्या वागण्यातून टिपलेली नोंद ही दुसरी. पण सर्वांत नाजूक असतो तो या दोन्हींवरून बांधलेला अंदाज, कारण ग्राहकाने जे कधी सांगितलेच नाही ते त्यात असते.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानसाखळीचे. ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये चार्ल्स डुहिग यांनी ते उजेडात आणले. टार्गेटमधील संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू पोल यांनी सुमारे २५ वस्तूंच्या खरेदीवरून एखादी ग्राहक गरोदर आहे का आणि बाळंतपण साधारण कधी आहे, याचा अंदाज बांधणारे गणित तयार केले होते. बिनवासाचे लोशन, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि झिंकच्या गोळ्या, कापसाचे मोठे पुडे. यातली एकेक वस्तू काहीच सांगत नाही, एकत्र आल्या की बरेच काही सांगतात. मिनिआपोलिसजवळ एका शाळकरी मुलीच्या नावे बाळाच्या कपड्यांची कूपन आली, तिचे वडील दुकानात भांडायला गेले आणि मुलगी खरोखरच गरोदर असल्याचे त्यांना नंतर कळले, असा प्रसंगही त्या लेखात आहे. या प्रसंगाच्या खरेपणाबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या. पण त्याच लेखातील दुसरा तपशील अधिक बोलका आहे. ग्राहकांना हे खटकते असे लक्षात आल्यावर कंपनीने अंदाज बांधणे थांबवले नाही. बाळाच्या लंगोटांच्या कूपनशेजारी गवत कापण्याच्या यंत्राचे आणि वाइनच्या ग्लासांचे कूपन छापायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याला काय कळले आहे, हे ग्राहकाला कळू नये याची तेवढी काळजी घेतली.

अनैतिक पर्सनलायझेशनची व्याख्या करायचीच झाली, तर या एका कृतीत ती सापडते. जे ग्राहकाच्या तोंडावर सांगता येत नाही, ते त्याच्या पाठीमागे वापरले गेले.

अंदाज चुकला तरी त्रास होतो आणि अर्धवट बरोबर आला तरी होतो. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधील एका महिला पत्रकाराचे बाळ जन्माआधीच दगावले. त्यानंतरही तिच्या पडद्यावर बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती येत राहिल्या. डिसेंबर २०१८ मध्ये तिने तंत्रज्ञान कंपन्यांना जाहीर पत्र लिहून विचारले की, गरोदरपण ज्यांना ओळखता आले त्यांना हे दुःख का ओळखता येऊ नये? खरे तर दोन्ही ओळखण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता, हा त्याआधीचा प्रश्न.

भारतीय घरांत हा धोका आणखी एका कारणाने वाढतो. इथे मोबाइल एकाचा आणि वापरणारे चौघे, हे चित्र आजही अगदी नेहमीचे आहे. खाते मुलाच्या नावावर असते, त्यावरून आई भाजी मागवते, आजोबांच्या गोळ्या येतात, सून साड्या पाहते. समजा, सुनेने रात्री गरोदरपणाच्या चाचणीची किट शोधली आणि सकाळी सासऱ्यांनी गुडघ्याचा पट्टा मागवायला तेच ॲप उघडले. पहिल्याच पानावर ‘तुम्ही पाहिलेल्या वस्तू’ अशी रांग समोर येणार. घरात कोणी काही बोलणार नाही कदाचित, पण जी गोष्ट सांगायची की नाही, कधी आणि कोणाला, हे तिने ठरवायचे होते, ती ॲपने ठरवली. नैराश्यावरचे पुस्तक, साखर तपासायच्या पट्ट्या, केस गळतीचे औषध, लहान रकमेच्या कर्जाची चौकशी, यांतल्या प्रत्येकाबाबत हे घडू शकते. लॉक केलेल्या पडद्यावर झळकणारे ‘तुमची ही वस्तू कार्टमध्ये वाट पाहते आहे’ असे नोटिफिकेशन तर शेजारी बसलेला कोणीही वाचू शकतो. परदेशात एका माणसाचा एक फोन धरून बांधलेली रचना इथे जशीच्या तशी आणण्याची ही किंमत आहे.

भावही ‘खास तुमच्यासाठी’ असू शकतो का?

तांत्रिकदृष्ट्या नक्कीच. २००० साली एकाच डीव्हीडीसाठी वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळे भाव दिसत असल्याचे ॲमेझॉनच्या ग्राहकांनी पकडले. ही केवळ भाव तपासण्याची चाचणी होती, भाव कोणाची माहिती पाहून ठरवले नव्हते, असे कंपनीने सांगितले. जेफ बेझोस यांनी चूक मान्य केली आणि सुमारे ६,९०० ग्राहकांना फरकाची रक्कम परत दिली. २०१२ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दाखवून दिले की, स्टेपल्स या कंपनीच्या संकेतस्थळावर स्टेपलरसारख्या साध्या वस्तूचाही भाव ग्राहकाच्या ठिकाणानुसार बदलत होता. प्रतिस्पर्ध्याचे दुकान जवळ असेल त्या भागात भाव कमी. याचा परिणाम असा की सवलतीचा भाव मिळालेल्या भागांतील सरासरी उत्पन्न जास्त होते. श्रीमंतांना स्वस्त द्यावे असे कोणी ठरवले नव्हते. पण पिन कोड वापरला की त्याच्यासोबत वर्ग येतो, आणि आपल्याकडे वस्त्यांची रचना पाहता जात आणि धर्मही येऊ शकतो.

भारतात जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना, आयफोन आणि अँड्रॉइडधारकांना वेगळे भाडे दाखवले जाते का, अशी विचारणा करणारी नोटीस बजावली. दोन्ही कंपन्यांनी हा आरोप नाकारला. मुद्दा कोण खरे याचा नाही. ग्राहकाला ते स्वतः पडताळून पाहण्याचा मार्गच नाही, हा खरा मुद्दा.

यावर उद्योगाचे म्हणणे असे की, सवलती वेगवेगळ्या असण्यात गैर काय? विद्यार्थ्यांना, ज्येष्ठांना सवलत सगळेच देतात. बरोबर आहे. एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. पण तो नियम लिहिलेला आहे, प्रत्येक प्रवाशाला माहीत आहे. तिकीट देताना कंडक्टर प्रवाशाच्या चपला पाहून भाडे ठरवत नाही. रोज खरेदी करणाऱ्याला पूर्ण भाव आणि दोन महिने न फिरकलेल्याला कूपन, हा प्रकार मात्र तसाच आहे. निष्ठावान ग्राहक आपण होऊन दंड भरतो, तोही न कळता.

युरोपीय संघात मे २०२२ पासून स्वयंचलित पद्धतीने व्यक्तीगणिक भाव ठरवला असेल तर तसे ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२५ मध्ये कायदा करून, हा भाव तुमच्या वैयक्तिक माहितीवरून अल्गोरिदमने ठरवला आहे, असे भावाशेजारी स्पष्ट लिहायला लावले. भारतात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार एकाच वर्गातील ग्राहकांत भेदभाव करणे किंवा ग्राहकांचे मनमानी वर्गीकरण करून त्यांच्या हक्कांवर परिणाम करणे निषिद्ध आहे. नियम चांगला आहे. परंतु भाव कशावरून ठरला हे सांगण्याचीच सक्ती नसेल, तर भेदभाव झाल्याचे ग्राहकाने सिद्ध कसे करायचे?

नवा कायदा ग्राहकाला काय देतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, विदा संरक्षण कायदा आला. या कायद्यात व्यक्तीसाठी सर्वत्र ‘ती’ हे सर्वनाम वापरले आहे, ही त्याची एक लक्षात राहणारी गोष्ट. दुसरी म्हणजे माहिती गोळा करणाऱ्या कंपनीला कायदा ‘फिड्युशियरी’, म्हणजे विश्वस्त म्हणतो. देवस्थानाच्या विश्वस्ताला दानपेटी स्वतःची समजता येत नाही, तसेच हे.

संमती विशिष्ट कारणासाठी, स्पष्ट कृतीतून आणि त्या कारणासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, असे हा कायदा सांगतो. टेलिमेडिसिन ॲपने संपर्क यादी मागितली आणि ग्राहकाने ‘हो’ म्हटले, तरी ती सेवेसाठी गरजेची नसल्याने ती संमती ग्राह्य धरता येणार नाही, हे उदाहरण खुद्द कायद्याच्या मजकुरात आहे. औषधाच्या दुकानात पावतीसाठी मोबाइल नंबर दिला तर दुकानाने तो पावती पाठवण्यासाठी वापरावा, असेही उदाहरण आहे. हाच तर्क पुढे नेला तर पार्सलसाठी दिलेला पत्ता पार्सलसाठी, आणि जाहिरातीसाठी वेगळी परवानगी, एवढे साधे सूत्र हाती येते.

संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. आपली कोणती माहिती वापरली जाते आणि ती आणखी कोणाला दिली, हे विचारता येईल, चुकीची दुरुस्त करता येईल, खोडूनही टाकायला लावता येईल. दोन कोटींहून अधिक नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ई-कॉमर्स कंपन्यांना, तीन वर्षे न फिरकलेल्या ग्राहकाची माहिती ४८ तास आधी कळवून पुसावी लागेल. १८ वर्षांखालील मुलांच्या वागणुकीवर पाळत आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती, दोन्हींना बंदी आहे. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

आणि काय देत नाही?

२०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आरोग्य, आर्थिक तपशील, लैंगिक कल अशा माहितीला ‘संवेदनशील’ म्हणून वेगळा दर्जा होता. नव्या कायद्यात ही वर्गवारीच नाही. मधुमेहाचा अंदाज आणि आवडत्या रंगाचा अंदाज त्याच्या लेखी सारखेच. दंडाची रक्कम सरकारच्या तिजोरीत जाते, ज्याची माहिती फुटली त्या ग्राहकाला भरपाई नाही. पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये भरपाईची तरतूद होती, तीही या कायद्याने रद्द केली. युरोपात फार मोठ्या मंचांना पाळतीवर आधारित नसलेली शिफारस यादी हा पर्याय द्यावाच लागतो. ॲमेझॉनही त्या यादीत आहे. भारतीय ग्राहकासाठी तशी सक्ती नाही. आणि अंदाजाचे काय? व्यक्तीविषयीची कोणतीही माहिती, अशी कायद्याची व्याख्या व्यापक असल्याने बांधलेले अंदाजही त्यात यायला हवेत. कंपन्या मात्र ग्राहकाला यादी देताना नाव-पत्ता दाखवून मोकळ्या होण्याची शक्यताच अधिक.

मग प्रामाणिक दुकान कसे ओळखावे?

कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातले काहीही महागडे नाही. गरोदरपण, आजार, कर्जबाजारीपणा, धर्म यांबाबतचे अंदाज बांधायचेच नाहीत. अशा वस्तू ‘तुम्ही पाहिलेल्या’ रांगेत आणि नोटिफिकेशनमध्ये आपोआप येऊ द्यायच्या नाहीत. प्रत्येक शिफारशीखाली ‘हे मला का दिसते आहे?’ असा दुवा आणि त्यावर खरे उत्तर. शिफारशी पूर्ण बंद करण्याचे बटण, तेही पाच पडदे ओलांडून सापडणारे नव्हे. भाव व्यक्तीवरून ठरत असेल तर भावाशेजारी तसे लिहिणे. शिफारसवाली रांग आणि पैसे घेऊन लावलेली रांग वेगळी ठेवणे.

माहिती कमी ठेवण्यात दुकानाचा स्वतःचाही फायदा आहे. जे साठवले नाही ते चोरीला जात नाही. बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती फुटल्याचे २०२० मध्ये समोर आले. २०२१ मध्ये डॉमिनोज इंडियाच्या सुमारे १८ कोटी ऑर्डरचा तपशील इंटरनेटवर उघडा पडला. पैशांची माहिती सुरक्षित असल्याचे कंपनीने सांगितले, पण कोणाचा फोन नंबर कोणत्या पत्त्यावर पिझ्झा मागवतो, हे शोधता येत होते. पाठलाग करणाऱ्याला कार्ड नंबर नको असतो, पत्ताच हवा असतो.

‘आम्ही नावे काढून टाकतो’ हे उत्तरही पुरेसे नाही. नेटफ्लिक्सने स्पर्धेसाठी नावे काढून खुली केलेली चित्रपटांच्या गुणांकनाची माहिती अरविंद नारायणन आणि विताली श्माटिकोव्ह यांनी दुसऱ्या संकेतस्थळावरील जाहीर गुणांकनाशी पडताळली आणि काही व्यक्ती ओळखता येतात हे २००८ मध्ये दाखवून दिले. माणसाची आवड हीच त्याची खूण असते. खरेदीच्या यादीलाही ते लागू आहे.

लहान विक्रेत्यांनाही हे लागू होते का?

होते. येवल्यातून इन्स्टाग्रामवर पैठणी विकणारी उद्योजिका किंवा देवगडहून हापूसच्या पेट्या थेट पाठवणारा बागायतदार, दोघांकडेही ग्राहकांची यादी असते, बहुधा एक्सेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर. सरकार काही कंपन्यांना, नवउद्योगांसह, काही तरतुदींतून सूट देऊ शकते, पण यादी लहान आहे म्हणून ती आपोआप सुटत नाही. गेल्या वर्षी पेटी घेतलेल्याला एप्रिलमध्ये ‘आंबा आला’ असा निरोप पाठवणे वाईट नाही. ग्राहकाला तो हवाच असतो. पेटी पाठवतानाच ‘पुढच्या हंगामात कळवू का?’ असे विचारून उत्तर जपून ठेवले की काम झाले. तीच यादी काजूवाल्याला किंवा सहल कंपनीला देणे हा मात्र विश्वासघात, मग ती दोनशे नावांची का असेना. ग्राहकाला नावाने ओळखणारे हे विक्रेते मोठ्या मंचांपेक्षा प्रामाणिकपणा लवकर दाखवू शकतात, आणि त्यांच्या धंद्याला तेच परवडणारे आहे.

तोवर ग्राहकाने काय करावे?

थोडे तरी हाती आहे. शॉपिंग ॲपला संपर्क यादी, मायक्रोफोन आणि सततचे लोकेशन यांची परवानगी लागत नाही. ती फोनच्या सेटिंगमधून काढता येते. अँड्रॉइडवर जाहिरात आयडी डिलीट करता येतो, आयफोनवर ॲपना ट्रॅकिंगची विनंती करण्यापासूनच रोखता येते. पाहिलेल्या वस्तूंचा इतिहास पुसण्याची सोय बहुतेक मोठ्या ॲपमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये असते. घरात एकच खाते चौघे वापरत असतील तर निदान ॲपची नोटिफिकेशन लॉक पडद्यावर दिसू न देणे शहाणपणाचे. दुकानात बिल करताना मोबाइल नंबरचा आग्रह धरला गेला तर नकार देता येतो. तशी सक्ती करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना कळवले आहे.

‘मी सहमत आहे’ या बटणावरचा मजकूर आजवर इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत येत राहिला. कलमे लागू झाल्यावर संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कंपनीला द्यावा लागेल. मराठी त्या २२ भाषांपैकी एक आहे. तोपर्यंत तक्रारीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेतच. त्यांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते. ती निघाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.